बघायची भाजी

भाजी विकत आणायची, पुसून-पासून दारात मांडायची आणि महिनाभर तिच्याकडे नुसतं बघत राहायचं, हे आमच्या घराण्यात कुणाला कधी सुचलं नसतं. आमच्याकडे भाजी बघतात ती मंडईत, भाव विचारण्याआधी. एकदा पिशवीत पडली की तिचं रूप संपलं, पुढे फक्त गुण. त्यामुळे आई मिरजेहून पहिल्यांदा आमच्याकडे पिओरियाला आली आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी गल्लीतून फेरी मारून परतली, तेव्हा तिने अगदी गंभीरपणे विचारलं, "अगं, या गल्लीत सगळेच भोपळे विकतात का?"

विकत कुणीच नाही, मांडतात सगळे. पायऱ्यांवर भोपळे, त्यांच्या शेजारी शेवंतीच्या कुंड्या, खांबाला बांधलेली मक्याची वाळकी ताटं आणि हौस जास्त असेल तर कडब्याची एखादी गासडी. इलिनॉयमध्ये पानगळ लागली की दार सजतं ते असं. आपल्याकडे झेंडूची तोरणं लागतात तेच हे दिवस, आणि हिशेबही तोच की शेतातून निघालं ते दारात आणायचं. एवढं आईला पटलं. मग पलीकडच्या घरातल्या आजी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून भोपळ्याला पांढरा रंग फासताना तिला दिसल्या आणि तिचा हात कपाळाला गेला. "चांगला केशरी भोपळा, त्याला चुना कशाला?"

चुना नव्हता, ॲक्रिलिक होतं. पण आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर जरा आडवाटेनं जावं लागतं.

पिओरिया हे कॅटरपिलरचं गाव. बुलडोझरच्या निमित्ताने पुण्याकडची बरीच इंजिनिअर मंडळी इथे येऊन स्थिरावली, त्यांतलेच आम्ही. इलिनॉय नदी ओलांडून थोडं पुढे गेलं की मॉर्टन लागतं. हे गाव स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवतं आणि ती बढाई फारशी खोटी नाही, कारण अमेरिकेत डब्यातून विकला जाणारा बहुतेक भोपळा इथल्या लिबीजच्या कारखान्यातून निघतो. सप्टेंबरात तिथे भोपळ्याची जत्रा भरते. त्या जत्रेत भोपळा पॅनकेकपासून आइस्क्रीमपर्यंत कशातही घातलेला मिळतो, फक्त भाजीत सोडून.

गंमत अशी की डब्यात जाणारा भोपळा आणि पायरीवर बसणारा भोपळा हे दोन वेगळे प्राणी आहेत. डब्यातला असतो डिकिन्सन नावाच्या वाणाचा. लांबोडका, मळकट तपकिरी, दारात ठेवला तर पाहुणे बाजूने निघून जातील असा. पण आत गोड, घट्ट, भरीव. वनस्पतिशास्त्रात त्याची जात कुकुर्बिटा मोशाटा, आणि आपण मंडईत ज्याची फोड कापून घेतो, मेथ्यांची फोडणी देऊन ज्याची भाजी करतो, तो लाल भोपळाही बहुधा याच जातीचा. पायरीवरचा नारिंगी, वाटोळा, ऐटबाज देठाचा भोपळा कुकुर्बिटा पेपो जातीचा. त्यातला सगळ्यात लाडका वाण हाउडन. मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हाउडन नावाच्या शेतकऱ्याने तो निवडून-निवडून तयार केला, तो खाण्यासाठी नव्हे, कोरून दारात ठेवण्यासाठी. त्याची भाजी एकदा करून बघावी. पातेल्यात पाणी सुटतं, दातात दोरे अडकतात आणि चव विचाराल तर ती शेतातच राहिलेली असते. म्हणजे रूप होतं त्याला ओसरी मिळाली, गुण होते त्याला डबा मिळाला. आईने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात नवीन काय?"

तिला खरा धक्का बसला तो लाल भोपळा मुळात आपला नाहीच, याचा. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तिथे सापडलेल्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्याकडे दुधी जुना, कोहळा जुना, पण लाल भोपळा आला तो कोलंबसाने अटलांटिक ओलांडल्यानंतर. "मग श्राद्धाला चालतो कसा?" आईने विचारलं. मिरच्या आणि बटाट्यांनाही हाच प्रश्न विचारता येईल हे लक्षात आल्यावर तिने तो मागे घेतला.

आता चुन्याकडे, म्हणजे रंगाकडे. इथली जुनी रीत रंगवायची नाही, कोरायची. वरची टोपी कापायची, आतला गर आणि बिया चमच्याने खरवडायच्या, डोळे-नाक-दात कापून आत दिवा ठेवायचा. ही रीत आयरिश आणि स्कॉटिश लोकांनी सोबत आणली. त्यांच्याकडे मात्र ते सलगम कोरायचे. आयर्लंडमध्ये मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका जुन्या सलगमाचा प्लास्टरमधला साचा जपून ठेवला आहे. तो पाहिला तर भूत म्हणजे काय ते समजतं. सुरकुतलेला, दात विचकलेला, माणसाच्या फार जवळचा चेहरा. अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा, आणि भुतं एकदम गुबगुबीत व हसरी झाली.

कोरलेल्या भोपळ्याचं आयुष्य थोडं. साल फुटली की हवा लागते, बुरशी धरते, खारी येऊन कान-नाक कुरतडतात, आणि चार-आठ दिवसांत हसरा चेहरा दात पडलेल्या म्हाताऱ्याचा होतो. न चिरलेला भोपळा मात्र थंड, कोरड्या जागी दीड-दोन महिने सहज टिकतो. म्हणून रंग. शिवाय लहान मुलांच्या हातात सुरी द्यावी लागत नाही, कुंचला दिला की भागतं.

आमच्या घरी याला आणखी एक कारण होतं. अख्खा भोपळा बाईने पहिल्यांदा चिरायचा नाही, आधी घरातल्या पुरुषाने सुरी लावायची, हा आईचा नियम. तो का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण त्यापायी कामावरून आलेल्या जावयाच्या हातात बूट काढायच्या आत सुरी पडायची. "जरा एवढं लावा हो." तो बिचारा लावायचा. इकडे लेकीच्या शाळेत मुली खुशाल करवतीने भोपळे कापत होत्या. रंगवण्याने हा प्रश्नच मिटवला. विळ्या-भोपळ्याचं सख्य आपल्याकडे प्रसिद्धच आहे. त्यातला विळाच बाजूला ठेवल्यावर भांडायचं कुणी?

रंगवण्याचं म्हणाल तर ते वाटतं तितकं सोपं नाही. भोपळ्याच्या सालीवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यावर रंग ठरत नाही. आधी व्हिनेगरच्या पाण्याने पुसून कोरडा करावा लागतो. मग गेसो, म्हणजे अस्तराचा रंग, किंवा साध्या पांढऱ्या रंगाचा पातळ हात. तो वाळू द्यायचा. नक्षी त्यानंतर. मधेच भोपळ्याच्या पन्हळी आडव्या येतात. सरळ ओढलेली रेघ खाचेत उतरते आणि वर येताना भलत्याच दिशेने निघते. गोलाकार वस्तूवर वर्तुळ काढणं इतकं अवघड असतं हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आणि देठ धरून उचलायचा नाही, हा तर पहिला नियम. देठ मोडला की कूज तिथूनच शिरते.

रंग आईने मिरजेहून आणले होते. अमेरिकेत रंग मिळत नाहीत असं तिला कुणी सांगितलं कोण जाणे, पण चिवडा आणि मेतकुटाच्या मधोमध उंट छापाच्या ॲक्रिलिकच्या ट्यूबा निघाल्या. तो उंट आमच्या पिढीच्या प्रत्येक दप्तरातून चालला आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरुवात केली, त्या कॅमलिनचा हा उंट. ॲक्रिलिक मात्र बरंच नंतरचं. पाण्यात कालवता येणारा चित्रकारांचा ॲक्रिलिक रंग हेन्री लेव्हिसन यांनी १९५५च्या सुमारास ओहायोतल्या सिनसिनाटीत बाजारात आणला. त्याआधी चित्रकारांना एक तर जलरंगाचा भित्रेपणा सोसावा लागे, नाही तर तैलरंग वाळायची वाट बघत बसावं लागे. ॲक्रिलिकमध्ये प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना धरून बसतात आणि रंगाचा लवचीक पापुद्रा तयार होतो. एकदा वाळला की पुन्हा पाण्याने निघत नाही. इलिनॉयच्या पावसाला हे मानवतं. ओट्यालाही मानवतं, त्याच्यावर अजून निळे ठिपके आहेत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या सगळ्या खटाटोपातला विनोद मला इथेच दिसतो. रांगोळी घालताना आपण फरशी कायमची ठेवतो आणि रंग एका दिवसाचा. इथे रंग कायमचा आणि फरशी महिन्याभराची. वर्षानुवर्षं टिकेल असा लेप आपण अशा वस्तूवर चढवतो जी डिसेंबरात बसकण मारणार हे ठरलेलं आहे. आणि ती बसते तेव्हा आतला भोपळा पाणी होऊन वाहून जातो, पण वरचा मोर तसाच, पिसारा फुलवलेला.

मोर म्हटलं ते उगाच नाही. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी भोपळे रंगवायला घेतले की दोनच गोष्टी निघतात. एक पैठणीचा मोर, दुसरी वारली. वारलीचं मला कौतुक आहे, कारण गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची ती चित्रं, आणि नारिंगी भोपळा म्हणजे गेरूची भिंत आयतीच मिळाली. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर तर भोपळ्यावर इतका चपखल बसतो की नाचणारी माणसं खरोखरच फिरून पहिल्या माणसापाशी येतात. पण काही हौशी बाया आधी अख्खा भोपळा पांढरा करतात, मग त्यावर गेरू रंग लावतात आणि मग वारली. म्हणजे नारिंगी झाकायला पांढरा, पांढरा झाकायला नारिंगी. माझं मत स्पष्ट आहे: भोपळा पुरता झाकायचाच असेल तर चेंडू रंगवावा, तो स्वस्त पडतो.

जगातले सगळ्यात प्रसिद्ध रंगीत भोपळे एका जपानी बाईंचे आहेत. यायोई कुसामा. १९२९ साली मात्सुमोतोत जन्म, घरचा धंदा रोपं आणि बियाण्यांचा, त्यामुळे भोपळ्याशी ओळख लहानपणापासूनची. त्यांनी भोपळे कॅन्व्हासवर ॲक्रिलिकने रंगवले, शिल्पातही केले. नाओशिमा बेटावर समुद्राच्या धक्क्याच्या टोकाला त्यांचा पिवळा, काळ्या ठिपक्यांचा भोपळा १९९४पासून बसलेला आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये तो वादळात समुद्रात वाहून गेला, पुढच्या वर्षी नवा करून पुन्हा तिथेच बसवला. त्या ठिपक्यांकडे नीट बघावं. फुगवट्यावर मोठे, खाचेजवळ बारीक, पन्हळींच्या ओळी धरून वरपासून खालपर्यंत उतरणारे. बाईंनी भोपळ्यावर नक्षी लादली नाही, त्याच्या अंगावर होती तीच मोजून घेतली. ओट्यावर बसून रंगवणाऱ्यांनी शिकायचं ते एवढंच.

हे मी आईला फोनवर चित्रं दाखवून सांगत होते, तर ती म्हणाली, "आमच्या सतारमेकर गल्लीत ये, तुला भोपळ्याची निवड दाखवते." खरंच होतं तिचं. मिरजेत शिकलगारांनी, म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला घेतली. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा हा दुधीच्या जातीचा, कडू, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात वाढलेला. तो वेलीवर असताना बूड कसं बसलंय, घेर कसा आहे ते बघतात, मग महिनोन्महिने वाळवतात, कापतात, दांडी जोडतात, वेलबुट्टी करतात, पॉलिश देतात. आई म्हणाली, "मिरजेत भोपळा सजवतात तो वाजावा म्हणून. तुम्ही सजवता तो कुजावा म्हणून." यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि तिने उत्तरासाठी थांबण्याची तसदीही घेतली नाही.

पण भोपळ्यावर तोंडं रंगवणं आपल्याकडे अगदीच नाही असं तिलाही म्हणता आलं नाही. बेंगळुरू, चेन्नईकडे नव्या बांधकामांवर कोहळा टांगलेला असतो. त्याच्यावर वटारलेले डोळे, झुपकेदार मिशा, बाहेर आलेले सुळे. दृष्ट लागू नये म्हणून. सलगमाच्या भुताचं आयर्लंडमध्ये काम तरी दुसरं काय होतं?

तरी शेवटी आईने एक भोपळा रंगवलाच, आणि तो चिक्कीपायी. ३१ ऑक्टोबरला पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत येतात, हे कळल्यावर तिने आदल्या दिवशी शेंगदाण्याच्या चिक्कीचं ताट थापलं. मला तिला सांगावं लागलं की लेकीच्या वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी दवाखाना गाठावा लागतो. अशा मुलांसाठी इथे एक सुरेख खूण आहे. टेनेसीमधल्या ॲलर्जीग्रस्त मुलांच्या पालकांच्या एका गटाने २०१२ साली सुरू केली, २०१४पासून ती देशभर पसरली. दारात मोरपंखी रंगाचा भोपळा दिसला की समजायचं, या घरी खाऊऐवजी दुसरं काहीतरी आहे. पेन्सिली, चिकटचित्रं, भिंगऱ्या. मूल बिनधास्त हात पुढे करू शकतं.

"भूत होऊन आलेल्या लेकराला पेन्सिल द्यायची?" आई कुरकुरली. पण कुरकुरतच तिने कुंचला मागितला, निळ्यात हिरवा कालवला आणि एक लहान भोपळा अख्खा मोरपंखी केला. तेवढा एक अख्खा झाकलेला भोपळा मला मान्य आहे, कारण तो रंग लांबून ओळखू यावा लागतो. चिक्की आम्ही घरातच संपवली. त्या कामात मी कमी पडले नाही.

लेकीचा भोपळा निराळा. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघ, आणि परत येताना भोपळ्यात बसून गडगडत निसटणं, ही गोष्ट तिने आजीकडून इतक्यांदा ऐकली होती की तिने एका बाजूला खिडकी काढून त्यात चष्मा लावलेली म्हातारी बसवली आणि दुसऱ्या बाजूला वाघ. रोज शाळेला जाताना ती भोपळा थोडा फिरवायची, म्हणजे वाघ कधी पुढे, कधी मागे. समोरच्या आजोबांना म्हातारी दिसलीच नाही. त्यांनी वाघ पाहिला आणि ते चपापले. बेसबॉलच्या बाबतीत पिओरियातली निम्मी घरं शिकागोच्या कब्सची आणि निम्मी सेंट लुईसच्या कार्डिनल्सची. डेट्रॉइटच्या टायगर्सचा वाघ इथे कुणी दारात मांडत नाही. लेकीने त्यांना सगळी गोष्ट इंग्रजीत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, म्हातारी भोपळ्यात मावली कशी? मग त्यांनीच सांगितलं की कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या विंडसरला लोक महाकाय भोपळे पोखरून त्यांत बसायचे आणि वल्ही मारत तळं पार करण्याची शर्यत लावायचे. तिथल्याच हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने त्या आकाराचं वाण तयार केलं. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेच्या स्पर्धेत मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गाइंगर यांचा भोपळा २,७४९ पौंडांचा भरला, म्हणजे जवळपास साडेबाराशे किलो. त्यात म्हातारी, तिची लेक आणि मन वळलं तर वाघही बसला असता.

म्हणून माझा कौल रंगाच्या बाजूने आहे. ज्याला चव नाही त्याला रूप तरी द्यावं, आणि पोटात न जाणाऱ्या भाजीने निदान शेजाऱ्यांशी चार वाक्यं बोलायला लावावीत. फक्त भोपळा थोडा दिसू द्या. पन्हळी जिथे जातात तिथे रेघ जाऊ द्या. रंग वाळल्यावर वॉर्निशचा एक हात द्या, पहिली कडाक्याची थंडी पडायच्या आत ओसरीत घ्या. आणि रंगवलेला भोपळा खाऊ नका, खारींना-हरणांना घालू नका, तसाच खताच्या ढिगावरही टाकू नका. रंगाची साल काढून कचऱ्यात, उरलेलं खतात. प्लास्टिकचं खत होत नाही.

घारग्यांसाठी मॉर्टनचा डबा घ्या. उकडायचं-किसायचं काम वाचतं, गूळ घालून थोडा आटवला की कणीक छान भिजते. मात्र डबा उचलताना वरची अक्षरं वाचा. शेजारीच तशाच रूपाचा 'पाय मिक्स'चा डबा असतो, त्यात साखर आणि मसाला कारखान्यातच पडलेला असतो. त्याचे घारगे दालचिनीचे होतात आणि आई ते खात नाही.